आंबा घाट, ऑटोमॅटिक गाडी आणि अण्णांचा डावा पाय

अण्णा म्हणजे माझे वडील. उभा जन्म ट्रकवर गेला. संध्याकाळी कोल्हापुरात भाजी भरायची, पहाटे रत्नागिरीच्या बाजारात उतरवायची आणि येताना मिळेल तो माल घेऊन परत फिरायचं: कधी मासळी, कधी चिरा, उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या. दिवसा ते घरात झोपलेले असायचे, त्यामुळे आम्ही भावंडं कुजबुजत भांडायला शिकलो. ज्या रस्त्यानं आमचं घर चाललं तो रस्ता मी त्यांच्या शेजारी बसून कधीच पाहिला नव्हता. म्हणून यंदा ऊसतोड सुरू झाल्यावर, हवेत गारवा आल्यावर, कोल्हापूर ते रत्नागिरी जायचं ठरवलं. गाडी अण्णा चालवणार होते.

ही शेवटची गोष्ट आमच्या घरात सहज ठरलेली नाही. अण्णांना साखर आहे. डाव्या अंगठ्याला झालेली जखम त्यांनी बुटात दडवली, आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर जवळपास वर्षभर ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिले. कृत्रिम पाय आला, तो भिंतीला टेकवून ठेवला. नसलेल्या पायाची बोटं खाजतात म्हणायचे, रात्री टाचेत कळ येते म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूला अजून पाय आहे असंच वाटतं. अण्णा म्हणाले, "मेंदूला कोण सांगणार मग?" आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. गाडी घ्यायची होतीच, मुद्दाम जुनी ऑटोमॅटिक शोधली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या गाडीला क्लच नसतो. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाची कामं. गिअर गाडी आपापले बदलते. अण्णांचा उजवा पाय ठणठणीत आहे. डॉक्टरांचं ऐकून, परवान्यावर तशी नोंद करून घेऊन आम्ही मैदानात सराव सुरू केला. पहिल्या दिवशी इंजिनाचा आवाज चढला, की अण्णांची डावी मांडी आपोआप उचलायची आणि खाली दाबली जायची. जिथं क्लच नाही, तिथं जो पाय नाही तो क्लच दाबत होता. मी हसले, तेही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मला ते बरंच वाटलं.

आईला मात्र हे काही पसंत नव्हतं. तिनं त्या रस्त्यापायी पुष्कळ रात्री जागून काढल्या आहेत. शेवटी अण्णांनीच तिच्यासमोर स्वतःची परीक्षा लावून घेतली.

"आंबा घाट उतरतो आणि तसाच चढून येतो. कुठं चुकलो तर किल्ली तुझ्या हातात. परत मागायचो न्हाय."

आई म्हणाली, "तुमी बोलला की बोलला. मग मागनं तोंड पाडून बसायचं न्हाय."

"न्हाय बसणार."

तर, एवढं पणाला लावून आम्ही निघालो. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि दारातून लगेच आत गेली.

सकाळी लवकर शिवाजी पूल ओलांडला. पंचगंगेवर धुकं होतं. रत्नागिरीच्या रस्त्याचं रुंदीकरण बऱ्याच ठिकाणी झालंय, काही ठिकाणी चालू आहे. वळवलेल्या कच्च्या पट्ट्यांवर धूळ फार, काचा वर ठेवा. या दिवसांत जाणार असाल तर उसाच्या ट्रॅक्टरांचा हिशोब आधीच मनात धरा. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, वर गाणी मोठ्यानं. त्यांच्या मागे लागलात की वेळेचं गणित सोडून द्यायचं.

अण्णा खूश होते. पुढं कुठला चढ, कुठलं वळण, कुठं पूर्वी धाबा होता, सगळं सांगत होते. बांबवड्याच्या अलीकडे उसाचा एक ट्रॅक्टर पुढं लागला. समोरचा रस्ता मोकळा बघून अण्णांनी हॉर्न दिला, गाडी बाहेर काढली. इंजिन मोठ्यानं ओरडलं, पण गाडी काही पुढं जाईना. ट्रॉलीच्या बरोबरीला आम्ही तरंगत राहिल्यासारखे. समोरच्या वळणावरून एसटी आली. अण्णांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, गाडी पुन्हा ट्रॉलीच्या मागे घेतली. एसटी गेली तेव्हा तिच्या ड्रायव्हरनं आमच्याकडे बघून हात नाचवला.

मी आपली चेष्टा केली, "अण्णा, ट्रक न्हवं ह्यो. एवढा पाय दाबायचा नसतो."

त्यानंतर मलकापूरपर्यंत त्यांनी एकही गाडी मागे टाकली नाही आणि कुठल्या चढाचं नावही सांगितलं नाही.

मलकापुरात नाश्त्याला थांबलो. मिसळ झणझणीत, पाव ताजा, चहा गोड. दोघांचं पोटभर होऊन शंभराच्या नोटा दोन लागल्या. कृत्रिम पाय असलेल्या माणसाला घेऊन फिरणाऱ्यांसाठी एक सूचना: हॉटेल चवीवर निवडू नका, संडासावर निवडा. कमोड आहे का, दाराला पायरी किती उंच, भिंतीला धरायला काही आहे का, हे आधी आत जाऊन बघायचं आणि मग मिसळीची ऑर्डर द्यायची. मी बघून आले तोवर अण्णा गाडीशेजारी उभं राहून आपल्या बुटांकडे बघत होते. दोन्ही बूट मी आदल्या दिवशी पॉलिश केले होते, म्हणून मला वाटलं, धुळीनं खराब झाले म्हणून बघत असतील.

आंबा गाव मागे पडलं आणि घाट लागला. खरं सांगते, अण्णांनी तो घाट जसा उतरवला तसा मी पुन्हा बघेन की नाही, माहीत नाही. गिअरचा दांडा खालच्या गिअरवर आणून ठेवला, ब्रेकला पाय जेमतेम लागत होता. वळणाआधी हॉर्न, चढून येणाऱ्या प्रत्येक गाडीला वाट. एका बाजूला खोल दरी आणि हिरवं रान, दुसऱ्या बाजूला ओला कातळ. मी खिडकी उघडून वारा घेतला, फोटो काढायचेही विसरले. लहानपणी ज्या माणसाला मी फक्त झोपलेलं पाहिलं, तो जागा असताना काय करायचा, ते मला त्या अर्ध्या तासात कळलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि तो मी बोलून दाखवला.

"बेस उतरवलीसा, अण्णा."

"उतराय काय लागतंय," ते म्हणाले, "चढाय येतंय का, ते बघायचं."

घाटाखाली साखरप्याला चहा घेतला. निघताना त्यांनी दांडा पुढं जाण्याच्या खुणेवर टाकला, तर गाडी क्षणभर काहीच करेना, मग मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का बसला आणि चालायला लागली. अण्णांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "काय न्हाय. माझंच चुकलं."

रत्नागिरीत दुपारी पोचलो. लॉज घेताना तळमजल्यावरची खोली मागून घेतली, बाथरूममध्ये प्लॅस्टिकची खुर्ची मागितली. मालकानं दोन्ही कुरकुर न करता दिलं. सुरमईची थाळी चांगली होती, अण्णांनी अर्धी ठेवली. संध्याकाळी त्यांना भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. मऊ वाळूत कृत्रिम पाय रुततो, काढताना तोल जातो, तेव्हा तसा हट्ट कुणी करू नका. आम्ही कडेच्या कट्ट्यावर बसलो. मुलं क्रिकेट खेळत होती, पाणी बरंच आत गेलं होतं. अण्णांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"उद्या तू चालीव."

"का? दमलासा?"

"व्हय."

"घाट तुमी चढणार हुता न्हवं? आईला काय सांगायचं?"

"तिला मी सांगतो काय सांगायचं ते."

मी वाद घातला नाही. वाटलं, वय झालंय, दिवसभर गाडी चालवून मांडी ठणकत असेल. पण वाईट वाटलं. एवढे महिने जे मिळवलं ते त्यांनी असं मांडीवर ठेवून दिलं होतं आणि समुद्राकडे बघत होते. त्यांचा चेहरा पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीतला झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी चालवत निघाले. पालीपर्यंत ठीक. साखरप्याच्या पुढं चढ सुरू झाला आणि पहिल्याच मोठ्या वळणावर मला जाणवलं, की मी पाय दाबतेय आणि गाडी ऐकत नाही. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सरसर वर गेला, वेगाचा काटा खाली यायला लागला. इंजिनाचा आवाज इतका, की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायचा थांबला. मग एकदम झटका बसला, गाडीनं पकड घेतली, थोडी चढली आणि पुन्हा तसंच झालं. जळकट वास यायला लागला.

मी किंचाळले, "अण्णा, गाडी ओढंना झालीया! मी काय करतो आता?" (कोल्हापूरच्या मुली 'मी करतो' म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

अण्णा माझ्या पायाकडे बघत होते. रस्त्याकडे नाही, माझ्या पायाकडे.

"तुझ्याबी पायाखाली?" त्यांनी विचारलं.

"काय माझ्या पायाखाली?"

"डावीकडं घे. कठड्याला लाव. हँडब्रेक वड. घाबरू नगंस, मी हाय."

गाडी कडेला घेतली. त्यांनी मला उतरून मागच्या चाकाखाली दगड लावायला सांगितलं, मी लावला. परत आले तर अण्णा दार उघडून, दोन्ही पाय बाहेर काढून बसले होते आणि डोळे पुसत होते. मला वाटलं, भीतीनं. मी जवळ गेले तर ते हसत होते. हसत होते आणि रडत होते.

"म्हंजे माझा पाय न्हवं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. काल उसाच्या ट्रॅक्टरला मागं टाकताना इंजिन जसं ओरडलं, तसं ते अर्धा क्लच दाबून ठेवल्यावर ओरडतं. आयुष्यभर तो आवाज त्यांनी ऐकलाय. नव्या ड्रायव्हरना त्यावरून शिव्या दिल्यात. "आन ह्या गाडीला तर क्लचच न्हाय. मग दाबतंय कोण? मला वाटलं, डोस्क्यात त्यो पाय हाय न्हवं अजून, त्योच दाबाय लागलाय. डावा दाबला की सवयीनं उजवा सुटतोय. आन मला कळंनाच कुठला पाय काय करतोय. समोरनं एसटी आली तवा तू शेजारी बसलीवतीस. म्हटलं, बास. आता न्हाय चालवायची."

मला आधी रागच आला. मी तिथं घाटात त्यांच्यावर ओरडले. "एवढ्यासाठी कालपासनं गप बसलासा? मला सांगायचं न्हाय?"

"काय सांगू? डोस्कं फिरलंय म्हणून सांगू?"

मी त्यांच्यासमोर कठड्यावर बसले आणि मीही रडले. त्यांनी एक रात्र त्या लॉजच्या खोलीत, माझ्यापासून दोन हातांवर, असं समजून काढली होती की आपल्यावर आपला ताबा राहिलेला नाही. आणि मी शेजारच्या पलंगावर घोरत होते.

मागचा ट्रक आमच्या पुढं जाऊन थांबला होता. ड्रायव्हर उतरून आला. "काय झालंय ओ पावणं? गरम झाली व्हय?"

तोवर एक जीपही थांबली, त्यातून तिघं उतरले. आपल्याकडे बंद गाडीला मदत करण्याचे दोन प्रकार: धक्का मारायचा, नाहीतर दोर लावून ओढायचं. धक्क्यानं ऑटोमॅटिक गाडी सुरू होत नाही, हे मी सांगितलं. त्यांना पटलं नाही, तरी दोघं दोर काढायला गेलेच.

"आंब्यापतोर वडतो की. तुमी नुस्तं बसा गाडीत."

अण्णा उभे राहिले. कठड्याला धरून, पण ताठ. "न्हाय. दोर लावायचा न्हाय. पुढची चाकं फिरली की आतला गिअरबॉक्स जळून जातोय ह्या गाडीचा. उचलून न्हेणारी गाडीच पायजे."

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय. ह्या घाटात ट्रक चालीवलाय जनमभर."

ट्रकवाल्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं, त्यांच्या पायाकडेही बघितलं आणि दोरवाल्यांना म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं. मामा बरोबर बोलाल्यात." मग त्यानंच मलकापुरातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. घाटात सगळीकडे रेंज मिळत नाही, वळणापर्यंत चालत जावं लागलं. चारही चाकं उचलून नेणारी गाडी यायला दुपार झाली. तोवर दशम्या संपवल्या, अण्णांनी कालच्यापेक्षा जास्त खाल्ल्या.

त्या गाडीच्या केबिनमध्ये आम्ही दोघं ड्रायव्हरशेजारी बसलो आणि ती आमची गाडी पाठीवर घेऊन घाट चढली. अण्णांनी ड्रायव्हरला त्याचं गाव विचारलं, टायर कुठले वापरतो विचारलं आणि प्रत्येक चढाचं नाव मला पुन्हा सांगितलं. ड्रायव्हर गिअर बदलायचा तेव्हा अण्णांची डावी मांडी हलायची. या वेळी त्यांनीच मला कोपरानं ढोसून ते दाखवलं.

कोल्हापुरातल्या गॅरेजवाल्यानं तेल काढून दाखवलं. लाल असायला हवं ते काळं, जळका वास. आतल्या प्लेटा झिजल्या आहेत, त्या पकडतच नाहीत, म्हणून इंजिन फिरतं आणि चाकाला ताकद जात नाही. यालाच गिअरबॉक्स स्लिप होणं म्हणतात. माझ्याआधीच्या मालकानं तेल बदललं नसावं. दुरुस्तीचा जो अंदाज त्यानं सांगितला तो मी दोनदा विचारून घेतला. त्याचं स्वतःचंच म्हणणं, एवढ्यात थोडी भर घालून दुसरी गाडी मिळेल, ही आहे तशी विकून टाका.

माझ्यासारखी जुनी ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. घेण्याआधी लांब चढावर, गाडी पुरती तापल्यावर चालवून बघा. मी सपाट रस्त्यावर गार गाडी चालवून बघितली होती. इंजिनाचा आवाज वाढतोय आणि वेग वाढत नाही, किंवा दांडा टाकल्यावर गाडी थांबून मग धक्का देऊन निघते, तर तिथंच थांबा. आणि गाडी चालवणारं माणूस म्हातारं असेल, आजारातून उठलेलं असेल, नुकतंच शिकलेलं असेल, तर त्याला आधी विचारा, काय जाणवलं. असं माणूस गाडीवर संशय घेत नाही, स्वतःवर घेतं. मी विचारायच्या ऐवजी चेष्टा केली होती.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. रिक्षातून उतरणाऱ्या अण्णांकडे तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं, माणूस धड आहे याची खात्री करून घेतली आणि मग गाडी कुठं म्हणून विचारलं. चहा होईपर्यंत मी तिला सगळं सांगितलं: ट्रॅक्टर, एसटी, किल्ली, घाट. एसटीचं सांगताना वाटलं, झालं, आता ही संपवणार विषय. अण्णांनी शब्द दिला होता, आणि खरं बघता घाट ते चढलेच नव्हते; त्यामुळे तिनं किल्ली मागितली असती तर त्यांनी दिली असती.

गॅरेजवाल्याचा अंदाज मी सर्वांत शेवटी सांगितला, तोही हळूच. म्हटलं, विकूनच टाकावी म्हणतोय तो. आईनं कपबश्या गोळा केल्या, मोरीत नेऊन ठेवल्या आणि तिथूनच, आमच्याकडे पाठ करून म्हणाली,

"विकायची न्हाय. दुरुस्त करून घे. ह्यांचा चढ ऱ्हायलाय अजून."